कुकर घ्यावा की नको? गोव्यातल्या स्वयंपाकघराचा वर्षभराचा हिशेब

गोव्यात नवं बिऱ्हाड मांडणाऱ्याने कुकर घेऊ का म्हणून विचारलं, तर बहुतेक जण लगेच सांगतात, घेऊन टाक, कुकराशिवाय कसं चालेल? माझं उत्तर इतकं सरळ नाही. मुंबई-पुण्याच्या घरात रोज सकाळी वरणभाताचा कुकर लागतो, त्यामुळे तिथे हा प्रश्न पडत नाही. आपल्याकडे ज्या घरात रोज हुमण (मासळीचं कालवण) आणि उकड्या तांदळाचं शीत (भात) होतं, तिथे कुकर महिनोन्महिने मांडणीवरून खाली उतरत नाही. हुमण त्यात करायचं नसतं आणि उकड्या भाताचं त्याच्यावाचून अडत नाही.

पण तेच घर जुलैत बघा. 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. बाजारात मासळी कमी, आणि जी येते ती महाग. त्याच्या पाठोपाठ श्रावण येतो. हिंदू घरांत मासळी बंद, काही घरांत तर चवथ (गणेशचतुर्थी) होईपर्यंत. मग पुरुमेंताला, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीला, भरून ठेवलेले डबे उघडतात आणि सुके वाटाणे, अळसांदे (चवळीचा प्रकार), कुळीथ, चणे, मूग आलटून पालटून चुलीवर चढतात. कुकर घ्यायचा की नाही, कोणता आणि केवढा, हे या चार महिन्यांवरून ठरवावं. डिसेंबरातल्या मासळीच्या दिवसांकडे पाहून ठरवलं, तर हिशेब चुकतो.

आधी कुकर काय करतो ते

उघड्या भांड्यात पाणी 100 अंश सेल्सिअसला उकळतं. त्यापुढे आच कितीही वाढवा, पाणी जास्त तापत नाही, नुसती वाफ जाते. कुकरात वाफ कोंडली की दाब वाढतो आणि पाणी 120 अंशांच्या आसपास जाऊन उकळतं. या वीस अंशांमुळे कडधान्य आणि मांस निम्म्याहून कमी वेळात शिजतं. उंच डोंगराळ भागात पाणी 100 च्याही खाली उकळतं, डाळ शिजता शिजत नाही, तिथे कुकर ही गरजच असते. आपण समुद्रसपाटीला राहतो, आपल्याला तशी अडचण नाही. म्हणून इथे प्रश्न फक्त सोयीचा, वेळेचा आणि गॅसचा आहे, आणि त्याचं उत्तर घराघराप्रमाणे बदलू शकतं.

पहिली पायरी: दोन आठवडे लिहून काढा

एक कागद घ्या. डाव्या बाजूला नोव्हेंबर-डिसेंबरातला तुमचा नेहमीचा आठवडा लिहा, उजव्या बाजूला जुलै-ऑगस्टमधला. सकाळ-संध्याकाळ मिळून प्रत्यक्षात काय शिजतं तेवढंच लिहा, काय शिजवायचा विचार आहे ते नको. मग ज्या पदार्थाला उघड्या भांड्यात अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागतो, त्याच्यापुढे खूण करा.

खुणा बहुतेक अशा पडतील: वाटाण्यांचं तोणाक (वाटण घातलेली रस्सा उसळ), अळसांद्यांचं तोणाक, कुळथाचं सार, चण्यांची उसळ, राजमा, मणगण्यासाठी (डाळ-गुळाच्या खिरीसाठी) चण्याची डाळ, मटणाची शागोती, गावठी कोंबडा, फणसाच्या आठळ्या. तूरडाळीच्या वरणाला अर्धीच खूण द्या. भिजवलेली तूरडाळ उघड्या भांड्यातही पाऊणेक तासात मऊ होते. मुगागाठीला खूण नको. मोड आलेले मूग लवकर शिजतात, आणि गाठी अख्ख्या राहायला हव्यात, म्हणून त्या उघड्या भांड्यातच बऱ्या.

उजव्या बाजूला आठवड्यात दोन किंवा जास्त खुणा असतील, तर कुकर घ्या, पैसे वाया जायचे नाहीत. एकच खूण असेल, घरात दोनच माणसं असतील आणि सकाळी कामावर पळायची घाई नसेल, तर न घेताही उत्तम चालतं. ते कसं, ते पुढे सांगितलं आहे. दोन्ही बाजूंना भरपूर खुणा असतील, तर आता फक्त कोणता घ्यायचा तेवढंच बघायचं.

आणखी एक गोष्ट या कागदावर दिसत नाही. कडधान्य उष्ण आणि दमट हवेत बरेच महिने राहिलं की ते शिजायला हट्टी होतं. त्याच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणारं पेक्टिन मग पाण्यात सहज विरघळत नाही. मे महिन्यात भरलेले वाटाणे जूनमध्ये नीट शिजतात आणि तेच वाटाणे सप्टेंबरात कितीही उकळले तरी आतून कचकचीत राहतात, त्यामागे हे कारण असतं. गोव्याची पावसाळी हवा यासाठी अगदी पोषक. अशा जुन्या कडधान्यापुढे उघडं भांडं हात टेकतं, कुकर मात्र बरंच निभावून नेतो. पुरुमेंताचं भरणाऱ्या घराला कुकर हवा, असं मी म्हणते त्यात या गोष्टीचा वाटा सगळ्यात मोठा आहे.

जिथे कुकर लागत नाही

मासळी. बांगडा असो की इसवण, वाटण उकळलं की पाच-सात मिनिटांत शिजते. कुकरात तिचा चुरा होईल.

उकडे तांदूळ. यावर घराघरांत मतभेद आहेत. कुकरात ते शिजतात, सुमारे पंधरा मिनिटं मंद आचेवर लागतात. पण पेज काढून शीत मोकळं करायची रीत असेल, तर मोठं भांडं आणि भरपूर पाणी हवं. कुकरात तेवढं पाणी घातलं की त्याचा फेस वाफेच्या नळीत चढतो आणि शिट्टीतून पांढरं पाणी उडायला लागतं. त्यापेक्षा जाड बुडाच्या भांड्यात तांदळाला सणसणीत उकळी आणायची, दहा मिनिटं उकळायचे, गॅस बंद करून घट्ट झाकण ठेवायचं आणि तासभर हात लावायचा नाही. पुन्हा एकदा उकळी आणून हवं तसं शिजवायचं आणि पेज काढायची. मधल्या तासात तांदूळ स्वतःच्या उष्णतेवर फुलतो आणि गॅस अजिबात लागत नाही. ज्यांना फक्त भातासाठी कुकर घ्यायचा आहे, त्यांनी आठवडाभर ही रीत करून बघावी. सुरय (न उकडलेला) तांदूळ खाणाऱ्या घरात गोष्ट वेगळी. तिथे डब्यांत भात आणि डाळ एकदम लावता येतात आणि कुकर रोजच्या कामाला येतो.

खतखतें, म्हणजे अनेक भाज्यांचा रस्सा. सुरण, कणगी, मुळा, शेवग्याच्या शेंगा, मक्याची कणसं, प्रत्येकाचा शिजायचा वेळ वेगळा. सगळं कुकरात घातलं तर सुरण शिजेपर्यंत मुळ्याचा पत्ता उरत नाही. तूरडाळ तेवढी कुकरात मऊ करून घ्यावी, भाज्या उघड्या भांड्यात एकामागून एक सोडाव्यात.

नारळाचं वाटण आणि नारळाचा रस. हे दाबाखाली कधीच घालू नये. वाटण जड, तळाशी बसतं आणि करपतं. रस फाटतो. कुकर उघडल्यावर, शिजलेलं कडधान्य किंवा मटण भांड्यात काढून त्यात वाटण घालावं आणि उकळी आणावी. तिरफळं, सोलं (आमसुलं), चिंच यांचीही वेळ तीच. आंबट आधी घातलं तर कडधान्याची साल आवळते आणि दाणा शिजत नाही. तिरफळांचा वास शेवटच्या उकळीलाच चांगला उतरतो.

पातोळ्या आणि सान्नां यांना वाफ हवी, दाब नको. त्यासाठी कुकर वापरता येतो, फक्त शिट्टी काढून ठेवायची आणि तळातलं पाणी संपत नाही ना यावर लक्ष ठेवायचं. मात्र एवढ्यासाठी कुकर विकत घेऊ नका, कुठलंही झाकणाचं पातेलं हे काम करतं.

गॅस किती वाचतो

कुकर घेतला की सिलिंडर दुप्पट चालतो, असं सर्रास बोललं जातं. जरा आकडेमोड करू. घरगुती शेगडीचा मोठा बर्नर साधारण 2 किलोवॉटचा असतो. एका किलो एलपीजीतून सुमारे 46 मेगाज्यूल उष्णता मिळते. म्हणजे पूर्ण आचेवर तासाला 155 ग्रॅमच्या आसपास गॅस जळतो, आणि 14.2 किलोचा सिलिंडर एका बर्नरवर पूर्ण आचेने नव्वदेक तास चालतो.

आता रात्रभर भिजवलेले वाटाणे घ्या. उघड्या भांड्यात उकळी येईपर्यंत दहा मिनिटं पूर्ण आच, मग पन्नास मिनिटं निम्मी आच. कुकरात दहा मिनिटं पूर्ण आच, मग दहा मिनिटं मंद. फरक साधारण चाळीस मिनिटांच्या निम्म्या आचेचा, म्हणजे 50 ग्रॅमच्या जवळपास. पावसाळ्याचे चार महिने आठवड्यात तीनदा आणि उरलेलं वर्ष आठवड्यात एकदा कडधान्य शिजलं, तर वर्षाला साडेचार किलोच्या आसपास गॅस वाचला. म्हणजे सिलिंडरचा एक तृतीयांश. सिलिंडरच्या आजच्या दराला तीनने भागा, तुमची वर्षाची बचत समोर येईल. ती वाईट नाही, पण कुकराची किंमत एका वर्षात वसूल होईल इतकीही नाही. रोज डाळ शिजवणाऱ्या घरात ती जास्त होते. मटण नेहमी करणाऱ्या घरात आणखी जास्त.

खरी बचत वेळेची. सकाळी आठला घर सोडायचं असेल, तर साडेसहाला उठून कुळीथ उघड्या भांड्यात शिजवणं शक्य नाही. कुकरात ते आंघोळ होईपर्यंत तयार असतात. शिवाय पावसात खिडक्या बंद, कपडे घरात वाळत घातलेले, आणि त्यात तासभर वाफ सोडणारं भांडं. कोंडलेल्या स्वयंपाकघरात कुकराने हा त्रासही बराच कमी होतो.

न घेता चालवायचं असेल तर

वाटाणे आणि अळसांदे रात्री भरपूर पाण्यात भिजत घाला. आपल्या हवेत आठ तास पुरे. त्याहून जास्त ठेवायचे तर पाणी बदला, नाहीतर पाण्याला फेस येऊन आंबूस वास सुटतो. भिजवायच्या पाण्यात थोडं मीठ घातलं तर साल मऊ व्हायला मदत होते, आणि मिठाने कडधान्य शिजत नाही हा समज सोडून द्यायला हरकत नाही. सकाळी पाणी बदलून उकळी आणा, पंधरा मिनिटं चांगली उकळू द्या, मग भांडं उतरवून जाड झाकणासकट जुन्या गोधडीत किंवा दोन-तीन टॉवेलांत घट्ट गुंडाळून ठेवा. दोन-तीन तासांनी दाणे मऊ झालेले असतात. पुन्हा उकळी आणून पुढची कृती करा. दुपारी घरी असणाऱ्यांना हे सहज जमतं.

राजम्याच्या बाबतीत एक काळजी घ्या. कच्च्या राजम्यात लेक्टिन नावाचा विषारी घटक असतो आणि तो खळखळत्या पाण्यात निदान दहा मिनिटं उकळल्यावरच निकामी होतो. भिजवलेलं पाणी फेकून द्यायचं, नव्या पाण्यात आधी जोराने उकळायचं आणि मगच गुंडाळायचं.

सोडा घालू नका. दाणा मऊ होतो खरा, पण चव साबणासारखी लागते आणि ब जीवनसत्त्वातलं थायमिन नष्ट होतं.

घ्यायचाच ठरला तर केवढा

इथे माणसं बहुतेक वेळा गरजेपेक्षा मोठा कुकर उचलतात, पाहुण्यांचा विचार करून. कुकर कधी काठोकाठ भरायचा नसतो. भाजी-मांस असेल तर दोन तृतीयांश, आणि डाळ, तांदूळ, कडधान्य अशा फुगणाऱ्या, फेस येणाऱ्या जिनसा असतील तर फक्त अर्धा. म्हणजे 3 लिटरच्या कुकरात कडधान्य आणि पाणी मिळून दीड लिटर. पाव किलो सुके वाटाणे भिजून दुपटीहून जास्त होतात, तरी पाण्यासकट ते 3 लिटरच्या कुकरात आरामात मावतात, आणि पाव किलो वाटाण्यांचं तोणाक चार-पाच माणसांना पुरतं.

एक-दोन माणसांना 2 लिटरचा, तीन-चार माणसांना 3 लिटरचा, पाच-सहा माणसांना किंवा किलोभर मटण नेहमी करणाऱ्यांना 5 लिटरचा. डबे लावून भात-डाळ एकदम करायची असेल, तर उंची लागते, तेव्हा 5 लिटरपासून पुढे बघा आणि डबे आत मावतात का ते दुकानातच घालून बघा. चवथीला घर भरतं, त्या दिवसांसाठी शेजारचा मोठा कुकर मागून आणा. वर्षाचे बाकीचे दिवस अर्धरिकामा मोठा कुकर तापवण्यात गॅस आणि वेळ दोन्ही जातात.

धातूचा प्रश्न गोव्यात जरा जास्त महत्त्वाचा आहे, कारण आपलं आंबट फार. साधं अॅल्युमिनियम हलकं, स्वस्त आणि लवकर तापणारं. फक्त कडधान्य, डाळ, आठळ्या शिजवून दुसऱ्या भांड्यात काढणार असाल, तर ते पुरेसं आहे. पण सोलं, चिंच, बिंबलं किंवा विंदालूचं व्हिनेगर त्यातच शिजणार असेल, तर अॅल्युमिनियमला बारीक खड्डे पडतात आणि धातू रस्स्यात उतरतो. अशा घरांनी स्टीलचा घ्यावा. स्टीलचा जड असतो, महाग असतो आणि तळ पातळ असला तर करपतं, म्हणून तळाला अॅल्युमिनियमचा जाड थर बसवलेला बघून घ्यावा. हार्ड अॅनोडाइज्ड हा मधला पर्याय, काळपट करडा, साध्या अॅल्युमिनियमपेक्षा आंबट जास्त सोसणारा. मात्र तो तारेच्या घासणीने घासायचा नाही.

इंडक्शन शेगडी असेल किंवा पुढे घ्यायची असेल, तर खिशात एक चुंबक ठेवा. तळाला घट्ट चिकटला तर चालेल.

झाकणाचे दोन प्रकार. आत बसणारं झाकण तिरकं घालून वर ओढायचं असतं. आतला दाबच त्याला वर ढकलून धरतो, त्यामुळे दाब उतरेपर्यंत ते उघडतच नाही. बाहेर बसणारं झाकण फिरवून लावायचं. तोंड पूर्ण उघडं मिळतं, ढवळायला आणि धुवायला सोपं. मी आतल्या झाकणाच्या बाजूची आहे, विशेषतः घरात मुलं किंवा वयस्क माणसं कुकर हाताळणार असतील तर. पण ज्यांच्या मनगटात दुखणं आहे, त्यांना ते झाकण तिरकं करून काढणं जड जातं. दुकानात दोन्ही स्वतः चार वेळा लावून-काढून बघा. दुकानदार कंटाळला तरी चालेल.

दुकानात

ऑनलाइन स्वस्त दिसतो म्हणून मागवण्यापेक्षा म्हापसा, मडगाव, फोंडा, पणजी, जवळ असेल तिथल्या भांड्यांच्या दुकानातून घेण्याकडे माझा कल आहे. कारण साधं आहे: कुकर दहा-वीस वर्षं चालतो, त्याची रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह तितके चालत नाहीत. दुकानदाराला पहिला प्रश्न हाच विचारा, या मॉडेलची रिंग, व्हॉल्व्ह आणि शिट्टी आत्ता तुमच्याकडे आहे का? "मागवून देतो" असं उत्तर आलं तर दुसरं मॉडेल बघा. एक जादा रिंग तिथेच विकत घ्या.

मग आयएसआयची खूण बघा. घरगुती कुकरसाठी आयएस 2347 हे भारतीय मानक आहे आणि 1 फेब्रुवारी 2021 पासून ही खूण कायद्याने बंधनकारक आहे. ती खोक्यावर असून भागत नाही, भांड्यावर हवी, आणि तिच्यासोबत परवाना क्रमांक हवा. खूण नसलेला कुकर कितीही चकचकीत असला तरी घेऊ नका.

झाकण लावून दांडे बरोबर एकमेकांवर येतात का ते बघा. कुकर काचेच्या काउंटरवर ठेवून बोटाने दाबा, डुगडुगला तर तळ सपाट नाही. शिट्टी काढा आणि वाफेच्या नळीतून दिव्याकडे बघा, आरपार उजेड दिसला पाहिजे. पक्कं बिल घ्या आणि वॉरंटी कार्डावर शिक्का मारून घ्या.

घरी आणल्यावर

पहिल्यांदा नुसतं पाणी. कुकर, झाकण, रिंग साबणाने धुवा, दोन पेले पाणी घाला, झाकण लावून मोठ्या आचेवर ठेवा. नळीतून वाफेची सलग धार यायला लागली की शिट्टी बसवा. दाब पूर्ण होऊन पहिली शिट्टी झाली की आच मंद करा आणि पाच मिनिटं थांबून कडेने वाफ निसटते का ते बघा. निसटत असेल तर रिंग नीट बसलेली नाही. तरीही निसटत राहिली तर दुसऱ्या दिवशी दुकानात परत.

आता वाटाण्यांचं तोणाक करू, म्हणजे सगळी रीत एकदम हाताखालून जाईल.

पाव किलो वाटाणे रात्रभर भिजवा. सकाळी चांगले धुऊन कुकरात घाला, वर दोन बोटं पाणी, थोडं मीठ आणि चमचाभर खोबरेल. तेलाने फेस आवरला जातो. एकूण अर्ध्याच्या वर जात नाही ना ते बघा. नळीतून उजेड दिसतो का ते बघा. ही सवय एकदा लागली की सुटत नाही, आणि कुकराचे बहुतेक अपघात नळी तुंबल्यामुळेच होतात, तेव्हा ती लागलीच पाहिजे. झाकण लावा, मोठी आच, वाफेची धार, शिट्टी.

पहिली शिट्टी झाली की आच अगदी मंद करा आणि घड्याळ बघा. इथून मिनिटं मोजायची. शिट्ट्या मोजायची आपली जुनी सवय आहे, पण शिट्टी हे वेळेचं माप होऊ शकत नाही. मोठ्या बर्नरवर आठ शिट्ट्या आठ मिनिटांत होतात, लहान बर्नरवर त्यांना पंचवीस मिनिटं लागतात. एकीच्या घरात मेण झालेले वाटाणे दुसरीच्या घरात कच्चे राहतात ते यामुळेच. शिवाय प्रत्येक शिट्टीबरोबर पाणी बाहेर जातं आणि गॅस फुकट जळतो. आच इतकी हवी की शिट्टी हलकेच फुसफुसत राहील.

दहा मिनिटांनी गॅस बंद करा आणि दाब आपोआप उतरू द्या. दहा-पंधरा मिनिटं लागतात आणि त्या वेळातही दाणे शिजतच असतात. शिट्टी उचलून वाफ सोडायची घाई केली, तर आत पाणी एकदम खवळतं, साली फाटतात आणि वाटाण्यांचं पाणी नळीतून उडतं. शिट्टी उचलल्यावर काहीच आवाज आला नाही की मगच झाकण काढा.

एक दाणा अंगठा आणि तर्जनीत धरून दाबा. साल बाजूला सरकून आतलं पिठाळ निघालं, मध्ये कडक खडा लागला नाही, की झाले. खडा लागला तर पुन्हा झाकण लावून पाच मिनिटं. आता हे सगळं दुसऱ्या भांड्यात काढा, भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण घाला, उकळी आणा, शेवटी सोलं.

बाकीच्यांचे अंदाज, सगळे पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर: मूगडाळ चार-पाच मिनिटं, न भिजवलेली तूरडाळ आठ ते दहा, भिजवलेले अळसांदे आठ ते दहा, आठळ्या आठ-दहा, भिजवलेले कुळीथ, काबुली चणे आणि राजमा पंधरा ते वीस, मटण आणि गावठी कोंबडा पंधरा ते वीस. ब्रॉयलर कोंबडी कुकरात घालू नका, उघड्या भांड्यात ती अर्ध्या तासाच्या आत शिजते आणि कुकरात तिचे दोरे होतात. मणगण्यासाठी चण्याची डाळ अख्खी राहायला हवी, म्हणून भिजवून पाच मिनिटंच द्या. कडधान्य पुरुमेंताचं जुनं असेल तर वेळ दीडपट धरा.

डबे लावत असाल, तर तळातल्या पाण्यात चिंचेचं बुटूक किंवा लिंबाची साल टाका, अॅल्युमिनियम आतून काळं पडत नाही. तळात किमान पेलाभर पाणी हवंच, जास्त वेळ शिजवायचं असेल तर जास्त.

विजेचा कुकर

ज्यांच्याकडे गॅसची जोडणी नाही, भाड्याच्या खोलीत राहतात, त्यांना तो सोयीचा. वेळ लावून सोडून देता येतं. गॅसवरच्या कुकरपेक्षा दाब थोडा कमी असतो, म्हणून तेच कडधान्य काही मिनिटं जास्त घेतं. पण ज्या पावसाळ्यासाठी आपण कुकर घेतोय, त्याच पावसाळ्यात वीज जास्त जाते. सत्तरी, पेडणे, सांगे अशा बाजूला राहत असाल, तर एकुलता एक कुकर म्हणून विजेचा घेऊ नका.

स्फोटाची भीती

पुष्कळ जणी फक्त भीतीपोटी कुकर घेत नाहीत, म्हणून हे नीट सांगते. 1679 साली देनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने हाडं मऊ करणारं बंद भांडं बनवलं, तेव्हाच भांडं फुटू नये म्हणून त्याने त्यावर दाब सोडणारी झडपही बसवली. आजच्या कुकरात तेच संरक्षण दुहेरी आहे. पहिलं शिट्टी, जी दाब वाढला की उचलली जाते. ती तुंबली तर सेफ्टी व्हॉल्व्ह. त्यातला कमी तापमानाला वितळणारा धातू वितळतो आणि वाफ तिथून निघून जाते. हा व्हॉल्व्ह उडाला तर कुकर बिघडला असं नाही, त्याने आपलं काम केलं. नळी साफ करा, त्याच कंपनीचा नवा व्हॉल्व्ह बसवा. त्या भोकात स्क्रू, नाणं किंवा भलताच व्हॉल्व्ह बसवून काम चालवणं हा मात्र खरा धोका आहे, आणि रस्त्याकडेला दुरुस्ती करणाऱ्याने असं काही बसवून दिलं तर तो कुकर वापरू नका.

रिंग वापरून झाली की काढून धुवा आणि सुटी ठेवा, झाकण उलटं ठेवा. पावसाळ्यात बंद कुकरात ओल राहिली तर रिंगेला कुबट वास बसतो आणि तो पुढच्या डाळीत उतरतो. रिंग ताठ झाली, तडे गेले किंवा कडेने वाफ यायला लागली की बदला, ताणून-पाण्यात बुडवून दिवस काढू नका. शिट्टी सुईने साफ करा. महिनोन्महिने मांडणीवर राहिलेला कुकर जूनच्या आधी खाली काढा, रिंग तपासा, पुन्हा एकदा नुसतं पाणी घालून चालवून बघा. तळ फुगलेला दिसला, काठाला पोचा आला असेल किंवा झाकण लावताना जोर करावा लागत असेल, तर तो कुकर मोडीत द्या आणि वाटाण्यांचा डबा उघडायच्या आधी नवा आणा.